ज्वारीआधी दोन मुठी गहू

उमरग्यात कोण कुणाला किती ओळखतं ते मला माहीत नाही, पण खाजाभाईंना प्रत्येक घरचं पोट माहीत आहे. कुणाकडे पाहुणे उतरलेत, कुणाची सून माहेरी गेलीय, कुणाला शुगर निघाली, हे सगळं त्यांना दळणाच्या डब्यावरून कळतं. वर्षानुवर्षं गहू येणाऱ्या डब्यातून एक दिवस ज्वारी आली की ते विचारतात, "किती निघाली?" आणि माणूस मुकाट आकडा सांगतो. माझं मेडिकल त्यांच्या गिरणीच्या बरोबर समोर आहे. गिरणीत ज्याचा आजार उघड झाला तो पाच मिनिटांत रस्ता ओलांडून माझ्याकडे येतो. एकोणीस वर्षं आमचं असं चाललंय.

खाजाभाई साठीच्या पुढचे, उंचेले, डोक्यापासून पायापर्यंत पिठानं पांढरे. पहिल्या वर्षी ईदला त्यांच्या घरी गेलो तेव्हा मला कळलं की त्यांच्या भुवया काळ्या आहेत. गिरणी वडिलांपासूनची, दगडांची एकच जोडी, आणि त्या जोडीचे कायदे. सकाळी दहापर्यंत ज्वारी. दहानंतर गहू. दुपारी डाळी. मिरची घेऊन येणाऱ्याला ते दोन गल्ल्या पलीकडचं कांडप दाखवतात. सकाळी नऊला गहू घेऊन आलेल्या माणसाला ते हसून बसवून घेतात आणि दहा वाजून एक मिनिटानं त्याचा डबा उचलतात. कुणी भांडायला उठलाच तर म्हणतात, "चक्की माझं ऐकत न्हाय. म्या चक्कीचं ऐकतो."

या कायद्यांमागं कारण आहे. गिरणी बंद केली तरी तिच्या पोटात पावशेर पीठ राहतंच. ते दगडांच्या खाचांत बसतं, खालच्या कापडी नळीला चिकटतं आणि पुढच्याच्या डब्यात उतरतं. ज्वारीमागून ज्वारी गेली तर कुणाचं बिघडत नाही. डाळीमागून ज्वारी गेली तर बायका दुसऱ्या दिवशी भाकरीचा तुकडा घेऊन भांडायला येतात.

चार-पाच वर्षांपूर्वी बसस्टँडच्या मागं जिम निघाली आणि कायद्यांचे हाल झाले. पोरं संध्याकाळी यायला लागली. भाजलेले हरभरे, सोयाबीन, शेंगदाणे, बदाम, सगळं एका पिशवीत. "चाचा, प्रोटीन पावडर काढून द्या." शेंगदाण्याला तेल सुटतं, दगड बुजतात आणि गिरणीला खोबऱ्याच्या डब्यासारखा वास मारतो. पोरांच्या मागून त्यांच्या आया आल्या. त्या जवस आणि शेवग्याचा वाळलेला पाला आणायच्या. कुणी नऊ धान्यांचं पीठ करायचं, तर शेजारीण अकरा धान्यांचं. एक रिटायर मास्तर म्हणाले, आपण प्रोसेस केलेलं खाणं सोडलंय, ज्वारी जरा भरडच काढा. खाजाभाई म्हणाले, "मास्तर, गिरणीत आलं म्हंजे प्रोसेसच झालं की. तसं असंल तर कणसंच खावा." मास्तर आठवडाभर आले नाहीत.

मला नावं ठेवायचा अधिकार नाही. पोरांना प्रोटीनचे मोठे डबे मीच विकतो, आणि बायकांना डिटॉक्सच्या पुड्या. पोट सुटलं म्हणून मी स्वतः एकदा आठ दिवस नुसत्या दुधी भोपळ्याच्या रसावर राहिलो होतो. पाचव्या दिवशी खाजाभाईंनी मला गिरणीत बसवून गुलबानो भाभींनी पाठवलेला खिचडा खाऊ घातला आणि वर कुणाला सांगितलं नाही. या सगळ्यावर त्यांचं मत एकच होतं. "आधी लोकं भूक भागावी म्हणून दळायची. आता भूक लागू न्हाय म्हणून दळत्यात. चक्कीला दोन्ही सारखंच."

चक्कीला मात्र ते सारखं नव्हतं. संध्याकाळची तेलकट पावडर सकाळच्या पहिल्या ज्वारीत उतरायची. त्यावर खाजाभाईंनी वडिलांचा उपाय काढला. सकाळी गिरणी उघडली की आधी पदरचा मूठभर गहू दगडातून काढायचा. गहू तेल ओढून घेतो, वास ओढून घेतो. निघालेलं पीठ वेगळ्या वाटीत धरायचं आणि कोंबड्यांना टाकायचं. मग पहिल्या गिऱ्हाईकाची ज्वारी. हे काम ते शटर अर्धं वर असतानाच उरकून घ्यायचे. आपण गिऱ्हाईकासाठी काय करतो हे सांगत सुटायचा त्यांचा स्वभाव नाही. माझंही शटर त्यानंतर अर्ध्या तासानं उघडतं, त्यामुळे मी ते कधी पाहिलं नव्हतं.

मंगळवारचं पहिलं गिऱ्हाईक म्हणजे लक्ष्मम्मा. वय सत्तरच्या वर, माहेर कर्नाटकातल्या आळंदचं, त्यामुळे सगळी गल्ली तिला कानडी वळणानं अव्वाच म्हणते. मुलगा ईरण्णा ट्रॅक्टरच्या पार्टचं दुकान चालवतो, सून वैष्णवी घरचं बघते, आणि सात वर्षांची नात शिवकन्या. पोरीचे हातपाय काड्यांसारखे आणि पोट तेवढं पुढं आलेलं. महिन्यातून तीनदा तिचं पोट बिघडायचं. ईरण्णा तिला घेऊन माझ्याकडे यायचा, आणि मी चॉकलेटच्या चवीची ताकदीची पावडर द्यायचो. असे सहा डबे मी दिले. पोरगी जास्तच सुकली.

गेल्या वर्षीच्या संक्रांतीनंतर त्यांनी तिला सोलापूरला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, तोंडातून नळी घालून आतडं बघितलं आणि सांगितलं की हिला गहू चालत नाही. आतड्याचं अस्तर त्यानं झिजलंय. पोळी, ब्रेड, बिस्किट, रवा, शेवया, सगळं जन्मभर बंद. ज्वारी, बाजरी, तांदूळ, मका चालेल. डॉक्टरांनी दिलेला कागद ईरण्णानं माझ्या काउंटरवर ठेवला आणि मी तो मोठ्यानं वाचून दाखवला. तो गेल्यावर मी कपाटातला ताकदीचा डबा काढला आणि मागची बारीक अक्षरं जन्मात पहिल्यांदा वाचली. त्यात गव्हाचं सत्त्व होतं. मी डबा जागेवर ठेवला आणि कुणाला काही बोललो नाही.

अव्वाला हे पटायला वेळ लागला. "पोळीनं कुणी आजारी पडतंय व्हय? माझी पाच लेकरं पोळीवर वाढली," असं ती गिरणीत चारचौघांत बोलून गेली. पुढं ते वाक्य तिला फार महाग पडलं. पण पोरीसाठी म्हातारीनं हेही मान्य केलं. कुणाच्या गव्हाचं पीठ आपल्यात मिसळायला नको म्हणून आपलं दळण सगळ्यात आधी काढा, असं तिनं खाजाभाईंना सांगितलं. खाजाभाईंनी मान डोलावली आणि ते काम छातीवर हात ठेवून अंगावर घेतलं. "अव्वा, तुमच्या डब्याला दुसऱ्याची पावडर लागू देणार न्हाय."

जुलैत पुन्हा रक्त तपासलं. फरक नाही. वजन सहा महिन्यांत अर्धा किलो वाढलेलं. डॉक्टर म्हणाले, पोटात गहू जातोय, कुठून जातोय ते तुम्ही शोधा. ईरण्णाला शोधायला लांब जावं लागलं नाही. घरात बिस्किट नव्हतं, रवा नव्हता, सगळेजण भाकरी खात होते. उरली ती पोळीनं कुणी आजारी पडत नाही म्हणणारी आई. नात रडली की म्हातारी हळूच काहीतरी देत असणार. अव्वानं देवाची शपथ घेतली, नातीच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली. तो हात ईरण्णानं बाजूला केला. त्या दिवसापासून अव्वाला स्वयंपाकघर बंद झालं. पोरगी जेवायला बसली की तिनं बाहेरच्या ओट्यावर जाऊन बसायचं. भाकरी सून थापायची. दळण आणायचं तेवढं अव्वाकडं राहिलं, कारण त्यात लबाडी करायला जागा नव्हती.

ऑक्टोबरात तिसऱ्यांदा तपासलं. तेच.

त्यानंतरच्या मंगळवारी मला पहाटे जाग आली म्हणून मी दुकानाकडे लवकर आलो आणि खाजाभाईंसोबत चहा पीत बसलो. गिरणी अजून सुरू व्हायची होती. अव्वा डबा घेऊन आली. नेहमी ती दळण होईपर्यंत पोत्यावर बसते. त्या दिवशी उभीच राहिली.

"दिवाळी झाली की पोरीला घेऊन सून सोलापूरला चालली," ती म्हणाली. "खोली बघितली ईरण्णानं. शाळा बी तिकडंच. म्हंतो, तुझ्यापसनं लांब ऱ्हायली की बरी व्हईल."

खाजाभाईंनी हातातला कप खाली ठेवला.

"म्या दिलं न्हाय वो, खाजाभाई," ती म्हणाली. आवाज अगदी कोरडा होता. रडून झालेल्या माणसाचा असतो तसा. "एक घास दिला न्हाय. मलाच आता वाटाय लागलंय की झोपेत-बिपेत देत आसंन."

"दळण आणून टाकतो घरी," खाजाभाई म्हणाले. "तुमी जावा. पोरीजवळ बसा."

ती गेली. खाजाभाई उठले, कोपऱ्यातल्या पोत्यात हात घातला, गिरणी चालू केली आणि वरच्या तोंडात दोन मुठी टाकल्या. खाली वाटी धरली.

"हे काय करताय?" मी सहज विचारलं.

"चक्की धुतोय. काल पोरांनी सोयाबीन-दाण्याचं काढलं. अव्वाच्या पोरीच्या पोटात तसलं कायबाय जायला नको."

"कशानं धुताय?"

"गव्हानं," ते म्हणाले. मग त्यांचा हात तसाच राहिला आणि ते पुन्हा म्हणाले, "गव्हानं."

त्यांनी बटण बंद केलं. पट्टा थांबायला थोडा वेळ लागतो. तो थांबेपर्यंत आम्ही दोघं पट्ट्याकडेच बघत होतो.

भांडं विसळलेलं पाणी कुणी जेवणात धरत नाही. खाजाभाईंनी ती मूठ कधी गहू म्हणून मोजलीच नव्हती, ती त्यांच्या लेखी झाडू होती. त्या पोरीला गहू चालत नाही हे त्यांना माझ्याइतकंच पाठ होतं. गिरणीच्या पोटात पावशेर पीठ राहतं हे तर त्यांनीच मला शिकवलं होतं. पण या दोन गोष्टी त्यांच्या डोक्यात कधी शेजारी बसल्या नव्हत्या. माझ्याही नाही, आणि मी तर कागद वाचून दाखवलेला माणूस.

"आधी एक मूठ टाकत व्हतो," ते म्हणाले. "पोरीचं कळल्यापसनं दोन टाकतोय. चांगली साफ व्हावी म्हणून."

मी दुकानदार माणूस. माझं डोकं लगेच दुकानदारासारखं चाललं. मी उठून शटर थोडं खाली ओढलं आणि हळू आवाजात सांगितलं, की खाजाभाई, आजपासून गहू टाकणं बंद करा. बोलू नका. पोरगी सोलापूरला चाललीच आहे, तिथलं पीठ खाऊन बरी होईल. गिरणीनं पोर आजारी पाडलं असं एकदा गावात झालं की तुमच्याकडं कोण डबा ठेवील? कुणाला काही कळायचं कारण नाही.

त्यांनी वाटीतलं पीठ बोटानं चाचपलं.

"आन अव्वाचं काय?" त्यांनी विचारलं.

पोरगी सोलापुरात बरी झाली असती, आणि तोच म्हातारीविरुद्धचा पुरावा झाला असता. तिच्यापासून तोडल्यावर पोरगी बरी झाली, म्हणजे तीच घालत होती. मरेपर्यंत ती घरात चोर म्हणून राहिली असती, आणि एक दिवस तिनं स्वतःही ते मान्य केलं असतं. मला तेव्हा स्वतःची लाज वाटली. ती अजून पुरती गेलेली नाही.

खाजाभाईंनी पाटी उलटी केली, गिरणी बंद असल्याची, आणि मागच्या घरात गेले. आतून गुलबानो भाभींचा आवाज आला, "आज जुम्मा न्हाय, मंगळवार हाय, आंघोळ कशाला पुन्हा?" वीस मिनिटांनी ते बाहेर आले तेव्हा डोकं धुतलेलं, अंगावर नमाजाचा कुडता, पायांत धुतलेल्या चपला. काळ्या भुवयांचे खाजाभाई मी सणावाराशिवाय पहिल्यांदाच पाहत होतो. "त्या कपड्यांवर गहू हाय," ते म्हणाले, आणि अव्वाचा न दळलेला डबा उचलला.

मी दुकान सोडून कधी जात नाही. त्या दिवशी गेलो.

ईरण्णाच्या घरी पुढच्या खोलीत दोन खोकी बांधून ठेवलेली होती. शिवकन्या एका खोक्यावर बसून पाय हलवत होती. अव्वा ओट्यावर. खाजाभाई उंबऱ्याच्या बाहेरच थांबले. ईरण्णानं आत बोलावलं तरी गेले नाहीत. त्यांनी सगळं चार वाक्यांत सांगितलं. गहू कधीपासून टाकतो, किती टाकतो, का टाकत होतो. "तुझ्या आईनं दिलं न्हाय, बाबा. म्या दिलं. दर मंगळवारी, माझ्या हातानं."

ईरण्णाला कळायला क्षणभर लागला. मग तो जे बोलला ते सगळं इथं लिहिण्यासारखं नाही. पोरगी मेली असती तर काय केलं असतं, इथून त्यानं सुरुवात केली. तुमच्या बापजाद्यांची गिरणी बंद पाडतो, इथपर्यंत आला. खाजाभाई खाली मान घालून ऐकत होते. त्यांच्याकडं बघून माझ्याही तोंडून निघून गेलं, की ईरण्णा, मी दिलेल्या ताकदीच्या डब्यातही गहू होता, मी नंतर वाचलं आणि गप्प बसलो.

"तुमचं नंतर बघतो," ईरण्णा म्हणाला. आजतागायत त्यानं बघितलेलं नाही.

तो पुन्हा खाजाभाईंकडं वळला तेव्हा अव्वा ओट्यावरून उठली. ती मुलाच्या आणि खाजाभाईंच्या मधे येऊन उभी राहिली. ती ईरण्णाच्या खांद्यालाही लागत नाही.

"ह्यांना मागनं बोल," ती म्हणाली. "आधी मला जे बोललास ते माघारी घे. ह्यो माणूस न विचारता दारात येऊन सांगाय लागलाय. तू मला धा येळा विचारलंस, आन धाबी येळा ऐकलं न्हायस."

ईरण्णा, चाळीस वर्षांचा बाप्या, उंबऱ्यावर बसला आणि आईच्या पायांना हात लावायला वाकला. तसाच वाकून राहिला. वैष्णवी आत गेली आणि भांड्यांचा आवाज करत राहिली, म्हणजे रडणं ऐकू येऊ नये. शिवकन्येनं खोक्यावरून विचारलं की आपण सोलापूरला जायचं नाही का. मग अव्वा म्हणाली, "न्हाय. उतर खाली."

खाजाभाईंच्या पुढचा प्रश्न वेगळाच होता. गहू टाकणं बंद केलं तरी ज्या दगडांतून दिवसभर गहू जातो, ज्या हवेत त्याची भुकटी उडते, तिथली ज्वारी त्या पोरीला चालणार नव्हती. म्हणजे ज्या एका गिऱ्हाईकासाठी त्यांना सगळ्यात चांगलं दळायचं होतं, त्याच गिऱ्हाईकाला त्यांनी परत पाठवायचं होतं. उपाय एकच होता, आणि तो शब्द त्यांच्यापुढं कुणी काढत नाही. घरघंटी. घरात ठेवायची ती विजेवरची कपाटाएवढी चक्की. तिनं त्यांची अर्धी गिऱ्हाईकं नेलीत. तिच्या पिठाला ते पीठ म्हणत नाहीत, भुस्सा म्हणतात.

ईरण्णासोबत घरघंटी घ्यायला तेच गेले. दुकानदारानं तीन मॉडेल दाखवली. खाजाभाईंनी तिन्ही उघडायला लावली, आत हात घालून बघितला, कुठं पीठ अडतं ते विचारलं, जाळी काढून उजेडात धरली. दुकानदाराला वाटलं हे फार चोखंदळ गिऱ्हाईक आहे. त्यानं विचारलं, "चाचा, घरी किती माणसं?" खाजाभाई म्हणाले, "सगळं गाव." मग मधल्या मॉडेलवर हात ठेवून ईरण्णाला म्हणाले, "ही घे. हिच्यात फकस्त ज्वारी. कुणी शेजारणीनं गहू आणला तर माझ्याकडं पाठव."

फेब्रुवारीत तपासणी झाली. ईरण्णानं कागद पुन्हा माझ्याच काउंटरवर ठेवला. रक्तातला आकडा निम्म्याच्या खाली आला होता आणि पोरीचं वजन अडीच किलो वाढलं होतं. मी तो कागद रस्त्याच्या या बाजूनंच मोठ्यानं वाचला. गिरणी चालू होती, खाजाभाईंना ऐकू गेलं की नाही माहीत नाही. पण त्यांनी त्या दुपारी जिमच्या दोन पोरांचे शेंगदाणे न कुरकुरता दळून दिले.

गावात व्हायची ती चर्चा झाली. काही गिऱ्हाईकं तुटली, काही परत आली. खाजाभाईंनी बाहेर खडूनं लिहून ठेवलं, की इथं गहू, डाळ, दाणे, सोयाबीन सगळं एकाच दगडातून जातं, ज्याला चालत नसेल त्यानं दळू नये. असं लिहिणारी गिरणी मी दुसरी पाहिलेली नाही.

अव्वा अजून दर मंगळवारी सकाळी येते. डबा नसतो. पोत्यावर बसते, खाजाभाईंशी तासभर बोलते, लोकांची दळणं बघते. निघाली की आधी माझ्या दुकानासमोरच्या नळावर येते. लुगडं झटकते, बांगड्या वर सारते आणि कोपरापर्यंत हात धुते. मग पुन्हा धुते, नखांत बोट घालून. परवा मी म्हणालो, "अव्वा, आणखी किती धुशील?"

"धुवाय नको व्हय," ती म्हणाली. "पोरगी ताट वाढून बसली आसंल. माझ्या हातानं भरवल्याबिगर घास घेत न्हाय आता."